वर म्हंजी मावळतीकडं

बन्सीचं अक्षर मोत्यासारखं होतं, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

बन्सी म्हणजे नकुशीचा नवरा. कुरकुंभला केमिकल कंपनीत शिफ्टला जायचा आणि दर अर्ध्या तासाला लॉगशीट भरायचा. सुट्टी मिळाली की मेव्हण्याच्या, जयसिंगच्या, शेजारी बसून मोटारींच्या शर्यतीत वाट सांगायचा. कच्च्या रस्त्यावरच्या ह्या शर्यतीला रॅली म्हणतात. जयसिंगचं कासुर्डीच्या फाट्यावर गॅरेज. दुसऱ्याची गाडी दुरुस्त करता करता ती पळवायचा नाद त्याला कधी लागला ते त्यालाच ठाऊक नाही.

दोन हजार दोन सालापर्यंत बन्सीचं काम सोपं होतं. रॅली भरवणारे क्लबवाले छापलेलं पुस्तक द्यायचे. त्यात बाणांची चित्रं, शेजारी किलोमीटर. बाण बघायचा आणि "डावीकडं" म्हणायचं. पिंजऱ्यातल्या पोपटालासुद्धा जमलं असतं.

पण पुढच्या हिवाळ्यात पुण्याहून नवा हुकूम आला. आता पुस्तक नाही. आधी दोनदा हळू गाडी नेऊन रस्ता बघून घ्या आणि वळण न् वळण आपलं आपण लिहून काढा. शर्यतीच्या दिवशी शेजारच्यानं ते वाचायचं आणि चालवणाऱ्यानं त्याच्या तोंडावर भरवसा ठेवून गाडी सोडायची. वळणापलीकडं काय आहे ते डोळ्यानं नाही, कानानं बघायचं. ह्या लिहिण्याला पेसनोट म्हणतात.

लिहायचं म्हटल्यावर बन्सीला आनंदच झाला. दोनशे पानी वही आणली, समास आखला. मग एका दुपारी तिघं कासुर्डीच्या गायरानातल्या रस्त्यावर सराव करायला निघाले. तिघं, कारण नकुशीला वाटेत माहेरी उतरायचं होतं. ती मागं बसली होती, मांडीवर आईसाठी घेतलेला भाजीचा डबा.

बन्सी वाचायला लागला, "पुढे डाव्या बाजूस मध्यम स्वरूपाचे वळण असून रस्त्याची स्थिती समाधानकारक आहे..."

तवर वळण येऊन गेलं होतं. नकुशीच्या मांडीवरचा डबा बन्सीच्या मानेवर जाऊन आदळला.

"दाजी," जयसिंग ओरडला, "ही नोट हाय का ग्रामपंचायतीचा ठराव? सूचक कोण, अनुमोदक कोण, ते बी लिवलंय का?"

"नीट लिहिलंय मी," मान चोळत बन्सी म्हणाला. "आमचे शिफ्ट इनचार्ज म्हणतात, रिपोर्टमध्ये काही सुटता कामा नये."

"रिपोर्टात सुटत न्हाई वो, रस्त्यावरनं सुटतंय समदं!"

मागून नकुशी म्हणाली, "विळा म्हना की नुसतं. डावा विळा. संपलं."

जयसिंगनं करकचून ब्रेक दाबला. आरशातून बहिणीकडं बघितलं.

"काय म्हनलीस आक्का?"

"विळ्यागत वळलाय ना रस्ता? मग विळा."

"आन् त्यो म्होरला?"

"त्यो कुठला विळा, ती कोर हाय. चंद्राची. तिला काय वळन म्हनायचं, बैल बी मान हलवत न्हाई तिथं."

"आन् वढ्यावरचं?"

"ती नाल. घोड्याची नाल. गेलास की तसाच माघारी आल्यागत."

जयसिंगनं गाडी मागं घेतली. "म्हन बघू. मी पळवतो, तू म्हन."

नकुशीनं डबा पायात धरला आणि म्हणायला लागली. सरळ रस्ता दिसला की काठी, खड्डा दिसला की उखळ. "डावा विळा! काठी, काठी... उजवी कोर. उखळ हाय, उखळ! डावी नाल, नाल, नाल!" गाडी घसरली ती अशी घसरली की मागचं चाक ओढ्याच्या कडेला शिवून परत रस्त्यावर आलं, अगदी तिनं म्हटल्यासारखं. थांबले तेव्हा जयसिंगच्या हातावर काटा उभा होता. नकुशी हसत सुटली होती. बन्सी गाडीतून उतरून बाभळीखाली ओकत होता.

तोंड पुसून तो आला आणि शहाण्या माणसासारखं बोलला. "मला एक तर वहीत बघितलं की पोटात ढवळतं. त्यात रॅलीच्या आठवड्यात आमच्या प्लँटला शटडाऊन आहे, रजा मिळणार नाही. तूच बस."

बायकोला अशी जागा देणारा नवरा मिळायला नशीब लागतं. थोडं ओकणंही लागतं.

नकुशी घरातली तिसरी मुलगी. पुढचा तरी मुलगा व्हावा म्हणून नाव ठेवलं नकुशी, आणि पाठीवर खरंच जयसिंग आला. त्यामुळं नावाचा गुण आला म्हणून घरात तिचं थोडं कौतुकच होतं. माणसाला नको म्हणायचं आणि वर त्याचा उपकार मानायचा, आपली रीत काही वेगळीच.

घरची मेंढरं होती. दिवाळी झाली की कळप घेऊन घाटाकडं जायचं, पावसाळ्यात परत यायचं. नकुशी वयाच्या अकराव्या वर्षापर्यंत कळपामागं चालली. शाळा चौथीपर्यंत, तीही तीन गावांत मिळून. अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं. पण शिरूर आणि दौंडच्या मधली अशी वाट नव्हती जिथं तिचं पाऊल पडलं नव्हतं. कुठं मुरूम, कुठं काळी माती, कुठल्या चारीला पाणी, कुठल्या बांधावरचा शेतकरी शिव्या देतो आणि कुठला ताक देतो, सगळं पायांना पाठ. जयसिंग तेव्हा तान्हा. घोड्यावर बिऱ्हाडाच्या गाठोड्यात बांधलेला, झोपलेला. तो चालायला लागला त्याच साली वडिलांनी मेंढरं विकून कासुर्डीला तीन एकर घेतली आणि चालणं संपलं. मग नकुशीचं लग्न, चूल, खुरपणी. वाटा पायात राहिल्या, कामाला कुणाच्या आल्या नाहीत.

म्हणून त्या दिवशी गाडीत तिला एवढं हसू आलं. आपण म्हणायचं "डावा विळा" आणि तीनदा सांगूनही न ऐकणारा भाऊ दर वेळी डावीकडं वळायचा! अशी गंमत तिनं जन्मात केली नव्हती.

पण गाडी होती सोपानरावांची. सोपानराव म्हणजे वडगाव रासाईचे बागायतदार, सोसायटीचे संचालक, पांढऱ्या कपड्यांचे. रॅलीचा शौक, पण गुडघ्यामुळं स्वतः बसता येत नव्हतं. जयसिंगनं सांगितलं तेव्हा त्यांनी तंबाखू मळता मळता हात थांबवला.

"ताई, राग मानू नका," ते म्हणाले. "तुमी बसा ह्या खेपेला. दुसरं कोन न्हाईच हाय. पन पुढच्या मोठ्या रॅलीला मी पुण्याचा इंजिनेर बघून ठेवलाय. इंग्लिश नोटा लिवतोय."

"आन् आमचा टायम चांगला आला तर?" नकुशीनं विचारलं.

सोपानरावांनी तिच्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. "तर मग बघू की. टायम काय, त्यो काय कुनाच्या बापाचं ऐकत न्हाई."

त्या दिवसापासून नकुशीला ती शेजारची सीट हवी झाली. भूक लागावी तशी. भाकरी थापतानाही तिच्या तोंडात "काठी, कोर, विळा" चाललेलं. तवा तापला का म्हणून सासूनं विचारलं तर मेंढरांमागं अंतर मोजायची तसं म्हणाली, "अर्धी हाक हाय आजून."

पुण्यात क्लबवाल्यांनी एक दिवसाची शिकवणी ठेवली होती. लायसनसाठी ती करावी लागे. हॉलमध्ये वीस-पंचवीस माणसं, बाई ही एकटी. सरांनी फळ्यावर एक ते सहा आकडे मांडले. एक म्हणजे सगळ्यात आवळलेलं वळण, सहा म्हणजे सगळ्यात सैल. नकुशीनं हात वर केला.

"सर, चार म्हंजी केवढं?"

"चार म्हणजे तिनापेक्षा सैल."

"आन् तीन?"

"तीन म्हणजे... चारापेक्षा आवळलेलं."

"म्हंजी ह्या दोघांचं घर सापडंना, एकमेकाच्या शेजारी ऱ्हातात एवढंच सांगताय."

हॉल हसला. सरही हसले. मोठ्या मनाचा माणूस असावा, कारण खडू ठेवून म्हणाले, "बाई, नोट तुमच्या भाषेत लिहा. चालवणाऱ्याला कळली म्हणजे झालं."

ह्यातलं पहिलं वाक्य नकुशीनं पदरात बांधून आणलं. दुसरं तिथंच हॉलमध्ये राहिलं. ते पुढं कळलं.

शुक्रवारी रस्ता बघायला सोडलं. अकरा किलोमीटरचा टप्पा, वडगाव रासाईच्या अंगानं भीमेकडं उतरणारा, ऊस, चाऱ्या, ओढे, गायरान. पहिल्याच वळणाला नकुशी सीटवर उडाली. "आरं, ही तर आपलीच वाट! हितं आपली काळी घोडी बसली हुती!"

"घोडीचं ऱ्हाऊ दे, वळन लिव."

तिनं लिहिलं. पेन्सिल थांबेना. अंतर मीटरमध्ये तिला कळत नव्हतं, म्हणून हाकेत लिहिलं. एक हाक म्हणजे दोनशे पावलं, कळपाच्या ह्या टोकाकडून त्या टोकाला ऐकू जाते तेवढी. बांधाचा उंचवटा म्हणजे उंबरा. रस्ता कुठल्या अंगाला फुटतो तेही लिहिलं, जसं लहानपणापासून म्हणत आली तसं. दोन फेऱ्यांत वही भरली. जयसिंगनं चाळली आणि म्हणाला, "मला तर ह्यात कोंबडीचं पायच दिसतात. तुला वाचता आलं म्हंजी झालं."

रविवारी सकाळी थंडी होती. बन्सीसाठी शिवलेला शर्यतीचा अंगभर एकच सूट नकुशीनं पायात दोनदा दुमडून घातला. तपासणीवाल्यानं कानातल्या कुड्या काढायला लावल्या. हेल्मेट घातलं आणि आत माईकमधून जयसिंगचा श्वास ऐकू आला. रस्त्याकडेला अर्धं गाव. त्यात नकुशीची आई, रतनबाई, कंबरेवर हात देऊन उभी.

"आगं ए नकुशे, डोक्यावर हंडा पालथा का घातला?"

"पानी आनाय चाललीया, आये!"

निशाणवाल्यानं बोटं दाखवली. पाच, चार, तीन, दोन, एक.

"काठी, एक हाक! उजवी कोर. डावा विळा!" गाडी सुटली आणि दगड बुडाला वाजायला लागले. ऊस हिरव्या भिंतीसारखा दोन्ही अंगांनी पळत होता. नकुशी रस्त्याकडं बघतच नव्हती. वहीत बोट, तोंडात शब्द. एक शब्द संपतोय तोच गाडी त्यासारखी वळतेय! "उंबरा! उडंल!" उडाली. "उखळ, डावीनं!" चुकवलं. सहा किलोमीटर असे गेले की तिला वाटलं आपण गाडी शब्दांनी हाकतोय.

मग मोरी आली.

"मोरी," ती वाचत होती, "मग वर नाल!"

वर म्हटल्यावर जयसिंगनं चढ समजून गाडी ताणली. पण मोरीच्या पलीकडं चढ नव्हताच. तिथं रस्ता उजवीकडं वळून ओढ्यात उतरत होता, आणि समोर होता ऊस. जयसिंगला तो दिसला तोवर ते उसात होते. चांगले पंचवीस पावलं आत. पुढच्या काचेवर पाचटाची झालर लागली.

दोघं धड होते. गावकऱ्यांनी धावत येऊन गाडी ढकलली. ज्याचा ऊस तो म्हातारा शिव्याही देत होता आणि ढकलतही होता. रस्त्यावर येऊन उरलेला टप्पा त्यांनी जपून काढला. टायम बारा मिनिटं चाळीस सेकंद. चौतीस गाड्यांत एकतिसावा.

दुपारी हाच टप्पा पुन्हा एकदा पळायचा होता. मध्ये गाडी बघायला मिळाली चाळीस मिनिटं. लिंबाच्या झाडाखाली जयसिंग बंपरमधली उसाची कांडी उपसत होता आणि बहिणीवर ओरडत होता.

"वर म्हनलीस! वर कुठं हुतं तिथं? खड्डा हुता!"

"वरच हाय की त्ये! मावळतीकडं न्हाई का रस्ता?"

"मावळतीचा आन् वरचा काय संबंध?"

नकुशी बघतच राहिली. "आरं, वर म्हंजी मावळतीकडं. घाटाच्या अंगाला. नदी येती तिकडं. खाली म्हंजी उगवतीकडं, नदी जाती तिकडं. आई म्हनायची न्हाई का, वरली मान्सं, खाल्ली मान्सं?"

"आमच्या गॅरेजात वर म्हंजी वर!" जयसिंगनं आभाळाकडं पाना दाखवला. "जॅक लावला की गाडी जाती ती वर! मला कोन सांगनार नदी कुनीकडनं येती? तुमी चालत हुता तवा मी गाठोड्यात झोपलेलो!"

बोलून झाल्यावर तो पुन्हा बंपरकडं वळला. एका आईची दोघं, पण एकीला पायाखालची दिशा ठाऊक आणि दुसऱ्याला गाठोड्याची ऊब. ह्यात चूक कुणाची म्हणायची?

तेवढ्यात सोपानराव काठी टेकत आले. उसाची कांडी उचलून बघितली. रागावले नाहीत, तेच वाईट. "चालतंय. पयलीच खेप," असं म्हणाले आणि खिशातून मोबाईल काढून जरा लांब गेले. बोलणं ऐकू येत होतं. "व्हय, इंजिनेर सायेब... व्हय, पुढच्या महिन्यात. तसं संध्याकाळी पक्कं सांगतो."

नकुशीनं वही उघडली. तपासणीवाल्याकडून लाल पेन मागून आणलं.

"बस हितं," ती भावाला म्हणाली. "बंपर दुसरं कोनी बी बसवंल."

तिनं काटकीनं जमिनीवर नदी ओढली. "ही भीमा. हिकडनं येती, तिकडं जाती. आता सांग, ह्या झाडापासून वर कुनीकडं?"

जयसिंगनं काटकीकडं बघितलं, सूर्याकडं बघितलं, मग लाजत मावळतीकडं बोट केलं.

"आन् आपल्या घरातनं? चुलीपासून?"

"उंबऱ्याकडं."

"आन् तुझ्या गॅरेजातनं?"

"टायर ठेवलेत त्या अंगाला." आणि मग एकदम, "आरं तिच्या! म्हनून आई म्हनती व्हय, टायर वरल्या अंगाला ठिव!"

पण चालत्या गाडीत नदी काढत बसता येत नाही, हे नकुशीला कळत होतं. सरांचं दुसरं वाक्य तिला आत्ता ऐकू आलं. चालवणाऱ्याला कळली म्हणजे झालं. तिनं पान पान उलटून एकोणीस 'वर' आणि चौदा 'खाली' खोडले. तिथं लाल शाईनं डावं, उजवं, चढ, उतार घातलं. वही कोंबडीला कुणी कुंकू लावल्यासारखी दिसत होती.

दुसऱ्या फेरीला निशाण पडलं आणि पहिलं किलोमीटर झकास गेलं. दुसरं, तिसरं, चौथं. मग धुरळा आला. पुढच्या गाडीचं चाक बसलं होतं, ती रेंगाळत चालली होती, वाऱ्याचा पत्ता नव्हता, आणि लाल धुरळा उसाच्या दोन भिंतींमध्ये कोंडून राहिला होता.

"मला काय बी दिसंना!" जयसिंग म्हणाला.

"तुला कुनी बघाय सांगितलंय? ऐक! काठी, अर्धी हाक. डावी कोर. सोडू नको, सोडू नको!"

त्यानं सोडलं नाही. नकुशी वाचत गेली आणि तो धुरळ्यातून वळत गेला. पण पाचव्या किलोमीटरच्या उंबऱ्यावर गाडी उडून आदळली आणि वही तिच्या हातातून निसटून पायाशी पडली. पट्ट्यांनी आवळलेली ती, वाकता येईना. पुढं धुरळा, हातात काही नाही.

"आक्का! बोल!"

नकुशीनं डोळे मिटले. बुडाखाली खडे तडतडत होते. मुरूम. म्हणजे गायरान चाललंय. "काठी," ती म्हणाली. मुरूम पळत होता. "काठी... काठी..." मग तडतड एकदम थांबली आणि खालून मऊ, जाड आवाज यायला लागला. काळी माती! काळ्या मातीत पाय बुडायचे आणि आई ओरडायची, पुढं मोरी हाय, मेंढरं गोळा कर!

"मोरी!" नकुशी किंचाळली. "मोरी, मग वर नाल! वर! वर!"

शब्द तोंडातून गेला आणि तिला कळलं की आपण काय बोललो. लाल शाईनं खोडलेला शब्द जिभेनं खोडला नव्हता.

पण जयसिंगनं चढासाठी गाडी ताणली नाही. ब्रेक मारला आणि चाक उजवीकडं पिळलं. मावळतीकडं. गाडीनं नालेसारखं अंग वळवलं, ओढ्यात उतरली, पाणी दोन्हीकडं उडालं, आणि वर येताना धुरळा संपला. समोर लख्ख रस्ता. वाटेतली ती रेंगाळलेली गाडी बाजूला होऊन उभी होती. आणि जयसिंग हेल्मेटच्या आत वेड्यासारखा ओरडत होता, "वर! वर! नदी येती तिकडं!"

वही त्या हिसक्यानं सरकून तिच्या हाताशी आली होती. ती उचलून तिनं पुढचं पान धरलं. "गप. डावा विळा, एक हाक काठी. पळव!"

टायम आला नऊ मिनिटं पन्नास. त्या फेरीत चौथा. सगळी बेरीज करून त्यांचा नंबर सतरावा लागला. सतराव्याला कप देत नाहीत. पण रतनबाईनं गर्दीतून येऊन लेकीच्या धुरळ्यानं माखलेल्या तोंडावरून हात फिरवला आणि बोटं स्वतःच्या कानशिलावर मोडली. "आनलंस व्हय पानी," म्हणाली.

सोपानराव खुर्चीत बसून नकुशीची वही चाळत होते. उलटी धरली, सुलटी धरली. चष्मा लावला, काढला.

"जयसिंग, हे कुनाला वाचता येतंय?"

"आमा दोघास्नीच, आप्पा."

"आन् पुण्याचा इंजिनेर?"

"त्याला विचारा की, मोरीपासून वर कुनीकडं." जयसिंगनं बादलीतलं पाणी तोंडावर मारलं. "मला आता चार आन् तीनवर चालवता यायचं न्हाई. मला त्या दोघांचं घरच ठाऊक न्हाई."

सोपानरावांनी खिशातून मोबाईल काढला आणि ह्या वेळी लांब गेले नाहीत. तिथंच, सगळ्यांसमोर, मोठ्यांदा बोलले.

"इंजिनेर सायेब, माफ करा, जागा भरली. न्हाई न्हाई, तुमचं शिक्षन भरपूर हाय, त्याला कोन न्हाई म्हनतंय? पन आमच्यात वर म्हंजी मावळतीकडं असतंय. तुमाला न्हाई जमायचं."

मोबाईल ठेवून ते नकुशीला म्हणाले, "ताई, पुढच्या महिन्यातली वाट भीमेकाठची न्हाई बरं का. घाटातली हाय. तिथं नदी कुनीकडनं येती, ठाऊक हाय का?"

नकुशी कुड्या कानात घालत होती. "दिवाळीनंतर तिकडंच तर जायचो," ती म्हणाली. "आप्पा, मोबाईल देता का जरा? आमच्या ह्यांच्या कंपनीत निरोप ठेवायचाय. येताना टेलरला सांगून या म्हनावं, सुटाचं पाय वीतभर कमी करायचं हायेत."